चार इंचांची फूटपट्टी आणि यॉर्कशर पुडिंगचा सपाट इतिहास

१/
२००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रतिष्ठित संस्थेने एक निवाडा जाहीर केला. ज्या यॉर्कशर पुडिंगची उंची चार इंचांपेक्षा कमी, ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे! निवाडा निम्मा गमतीचा होता. पण घरोघरी ओव्हनच्या काचेला नाक लावून पुडिंग किती फुगले हे पाहणाऱ्यांच्या मनात ती फूटपट्टी आजही गांभीर्याने उभी आहे. हा धागा त्या फूटपट्टीच्या विरोधात आहे. विरोध चवीचा नाही, इतिहासाचा आहे.

२/
प्रथम पदार्थाची ओळख. मैदा, अंडी, दूध आणि मीठ एवढ्यांचेच सरसरीत पीठ भिजवायचे, कडकडीत तापलेल्या चरबीत ओतायचे आणि प्रखर उष्णतेत भाजायचे. सोडा नाही, यीस्ट नाही, आंबवणे नाही, साखर तर नाहीच. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. रविवारी भाजलेल्या मांसाबरोबर, त्याच्या रसापासून केलेल्या ग्रेव्हीत बुडवून ते खाल्ले जाते. ‘पुडिंग’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कॅरमेल कस्टर्डची थरथरती वाटी येते, पण इंग्रजीत हा शब्द मुळात गोडाचा नव्हता. जनावराच्या आतड्यात भरून शिजवलेल्या सारणाला पुडिंग म्हणत. रक्ताचे ‘ब्लॅक पुडिंग’ त्या जुन्या अर्थाचे आजही जिवंत असलेले उदाहरण आहे. पुढे सतराव्या शतकात आतड्याची जागा कापडाने घेतली, मग भांड्याने घेतली, आणि शब्द हळूहळू गोडाकडे सरकला. यॉर्कशर पुडिंग मात्र तिखटामिठाच्याच बाजूला राहिले.

३/
या पदार्थाचा जन्म ओव्हनमध्ये झाला नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे उलगडत जाते. अठराव्या शतकातील इंग्रजी स्वयंपाकघरात मांस भाजले जाई ते उघड्या चुलाण्यासमोर, लोखंडी सळईला टोचून, सळई सतत फिरवत. ती फिरवायला कधी पोरगा असे, कधी धुराच्या झोताने चालणारे यंत्र, आणि काही घरांत तर भिंतीवरच्या चाकात धावणारा आखूड पायांचा कुत्रा. मांसातून चरबी ठिबके. ती धरायला खाली एक पसरट तसराळे ठेवलेले असे. या चरबीला ‘ड्रिपिंग’ म्हणत आणि तिचा एक थेंबही वाया जात नसे. ती पावावर लावली जाई, तिच्यात तळले जाई. मोठ्या घरांतील स्वयंपाकीण ती विकून चार पैसे मिळवी आणि तो तिचा हक्क समजला जाई.

४/
कोणाच्या तरी मनात आले की मांसाच्या खाली नुसते तसराळे ठेवण्याऐवजी पिठाचे भांडे ठेवावे. चरबी पिठावर पडेल, चुलाण्याची आच पिठाला लागेल, एका जळणात दोन पदार्थ होतील. ही कल्पना प्रथम कोणाची, हे कोठेही नोंदलेले नाही. स्वयंपाकघरातील शोधांना पेटंट नसते. छापील पुराव्यात १७३७ साली ‘द होल ड्यूटी ऑफ अ वूमन’ या पुस्तकात ‘ड्रिपिंग पुडिंग’ दिसते. त्या नावात यॉर्कशरचा मागमूस नाही. दहाच वर्षांनी, १७४७ साली, हॅना ग्लास या बाईंच्या ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी’ या ग्रंथात याच जातीचा पदार्थ ‘यॉर्कशर पुडिंग’ या नावाने अवतरतो. नाव उत्तरेचे, पुस्तक लंडनचे आणि लेखिकेचे बालपण यॉर्कशरमध्ये नव्हे, तर त्याच्याही उत्तरेला नॉर्थंबरलंडमधील हेक्समजवळ गेलेले. परगण्याच्या अस्मितेवर तावातावाने बोलणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

५/
आता ग्लासबाईंचे प्रमाण पाहू, कारण सारा वाद तेथेच मिटतो. एक क्वार्ट दूध, म्हणजे ढोबळमानाने एक लिटर. अंडी चार. चिमूटभर मीठ. आणि पॅनकेकच्या पिठाइतके दाट होईल एवढा मैदा. आजच्या लोकप्रिय कृतींत अंडी, दूध आणि मैदा तिन्ही समान आकारमानात घ्यायला सांगतात. चार अंड्यांचे साधारण २०० मिलिलिटर होतात, म्हणून दूधही २०० मिलिलिटर. तेवढ्याच अंड्यांना ग्लासबाई जवळपास पाचपट दूध घालतात. शिवाय त्या काळची अंडी आजच्या अंड्यांहून लहान. असे पुडिंग चार इंच फुगणे शक्यच नाही. ते फुगावे ही अपेक्षाही तिथे नाही. कृतीत उंचीचा उल्लेख नाही, आहे तो रंगाचा : छान तपकिरी व्हावे.

६/
पण या कृतीत एक तपशील असा आहे की तो वाचून आजच्या कोणत्याही खानसाम्याने मान डोलवावी. पीठ थेट मांसाखाली ठेवायचे नाही. आधी पातेल्यात चरबी घालून विस्तवावर ठेवायची, ती उकळू लागली की पीठ ओतायचे आणि बरेचसे तिथेच भाजू द्यायचे. मग मांसाखालच्या तसराळ्यात एक ताटली उपडी घालायची, म्हणजे खालची चरबी काळी पडणार नाही, आणि तिच्यावर हे पातेले ठेवून वरून ठिबकणाऱ्या चरबीने व आचेने रंग आणायचा. उपडी ताटली! हा तपशील ऐकीव माहितीवर लिहिता येत नाही. धुराने डोळे चुरचुरत असताना कोणीतरी तो हाताने शोधून काढलेला असतो.

७/
हॅना ग्लास यांची कथा स्वतंत्र धाग्याची आहे, पण थोडक्यात सांगितलीच पाहिजे. जन्म १७०८. पुस्तकावर नाव नाही, ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढेच. पुस्तक मोलकरणींसाठी आहे, म्हणून भाषा मुद्दाम साधी ठेवली असे त्या प्रस्तावनेत सांगतात. बारा अंडी तळायला सहा पौंड लोणी वापरणाऱ्या फ्रेंच खानसाम्याची टरही उडवतात. अर्धा पौंड पुरते, हे चूल फुंकणाऱ्या कोणालाही ठाऊक होते. पुस्तक तुफान खपले, पण बाईंच्या हाती फार काही उरले नाही. कॉव्हेंट गार्डनमधील त्यांचे कपड्यांचे दुकान बुडाले, १७५४ साली दिवाळे निघाले, पुस्तकाचे हक्क विकावे लागले आणि १७५७ मध्ये कर्जापायी तुरुंगवासही घडला. त्यांनी स्वतः इतरांच्या पुस्तकांतून शेकडो कृती उचलल्या होत्या हेही सांगणे प्राप्त आहे. त्या काळात तसा रिवाजच होता. मराठी वाचकासाठी एक जाता जाता : याच १७४७ च्या पुस्तकात ‘हिंदुस्थानी पद्धतीच्या करी’ची कृती आहे, धणे आणि मिरी घातलेली. इंग्रजी छापील पाककृतींतील ती अगदी आरंभीची करी. म्हणजे यॉर्कशर पुडिंग आणि करी या दोघी एकाच पुस्तकाच्या पोटातून प्रसिद्धीस आल्या.

८/
पुढचा अन्याय अधिक बोलका आहे. पुस्तक इतके गाजले की ते बाईने लिहिले असेल यावर विद्वानांचा विश्वास बसेना. १७७८ साली लंडनमधील एका पुस्तकविक्रेत्याच्या घरच्या जेवणात विषय निघाला. यजमान म्हणाले, हे डॉ. जॉन हिल यांचे लेखन आहे. पंक्तीला डॉ. सॅम्युएल जॉन्सन होते. त्यांना ते पटले नाही, कारण सोरा आणि त्याचाच भाजलेला प्रकार ही दोन वेगळी द्रव्ये समजण्याची चूक पुस्तकात होती आणि हिलसारखा जाणकार ती करता ना. येथवर जॉन्सन यांचा तर्क बिनतोड. पण त्याच ओघात त्यांनी असाही अभिप्राय दिला की बायकांना सूतकताई उत्तम जमते, पाककलेचे चांगले पुस्तक मात्र जमत नाही. बॉस्वेलने हे सारे टिपून ठेवले. ग्लासबाईंचे कर्तेपण निर्विवाद सिद्ध व्हायला १९३८ साल उजाडावे लागले. ते सिद्ध केले मॅडेलिन होप डॉड्स या इतिहास-संशोधिकेने.

९/
यॉर्कशर पुडिंग हे ‘गरिबांचे अन्न’ होते असे सरसकट सांगितले जाते. हे विधान अर्धवट आहे. १७४७ साली गव्हाचे पीठ, एक लिटर दूध, चार अंडी आणि सळईवर चढवायला मांसाचा मोठा तुकडा ज्याच्या घरी असे, तो गरीब नव्हे. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात सामान्य माणूस गहू नव्हे, ओट खाई. त्याच्या पातळ भाकऱ्यांना ‘हॅव्हरकेक’ म्हणत. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमधील ३३ व्या पायदळ पलटणीचे टोपणनावच ‘हॅव्हरकेक लॅड्स’. भरती करणारे सार्जंट तलवारीच्या टोकाला ही भाकरी खोचून हिंडत, अशी त्यामागची आख्यायिका. या पलटणीचा कर्नल आर्थर वेलस्ली तिच्यासह हिंदुस्थानात आला, आणि १८०३ च्या असईच्या लढाईमुळे त्याचे नाव मराठी इतिहासात कायमचे कोरले गेले. (असईला ही पलटण नव्हती. तेथील गोऱ्या पलटणी वेगळ्या होत्या.)

१०/
गरिबांच्या घरी पुडिंग पोहोचले ते एकोणिसाव्या शतकात, आणि गंमत अशी की ते बहुधा घरी भाजलेच जात नसे. शहरातील मजुराच्या खोलीत मोठा जाळ करायला जागा नव्हती, कोळशाला पैसे नव्हते आणि ओव्हन तर नव्हताच. मग रविवारी सकाळी मांसाचा तुकडा, खाली बटाटे किंवा पीठ, असे भांडे घेऊन बायका गल्लीतील बेकरकडे जात. त्याची भट्टी तापलेलीच असे. दोन पेनी द्यायचे आणि दुपारी भाजलेले जेवण घेऊन यायचे. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये (१८४३) गोरगरीब आपापली भांडी घेऊन बेकरच्या दुकानाकडे निघालेले दिसतात ते याचसाठी. ‘घरगुती पारंपरिक पदार्थ’ म्हणून आज ज्याचा गौरव होतो, तो लाखो कुटुंबांसाठी कित्येक दशके बाहेरून भाजून आणलेला पदार्थ होता.

११/
या भट्टीवर एकदा संसदेचे सावटही आले होते. १८३० च्या दशकात सर अँड्र्यू अॅग्न्यू हे धर्मनिष्ठ खासदार रविवारचे सर्व व्यवहार बंद करणारे विधेयक पुन्हा पुन्हा मांडत होते. श्रीमंताचा आचारी घरात राबे, त्याला या विधेयकाची झळ नव्हती. गरिबाचे आठवड्यातील एकमेव गरम जेवण मात्र बेकरच्या भट्टीवर अवलंबून होते. चोवीस वर्षांच्या डिकन्सने १८३६ साली टोपणनावाने एक पुस्तिका लिहून हा दुटप्पीपणा उघडा पाडला. विधेयक बारगळले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत मताधिकाराच्या लढ्याला जागा मिळते, रविवारच्या जेवणाच्या लढ्याला मिळत नाही. वास्तविक दुसरा लढाही हक्काचाच होता.

१२/
मग ‘घरी’ केव्हा? लोखंडी शेगडी आणि तिच्या अंगचा ओव्हन मध्यमवर्गात एकोणिसाव्या शतकात रुळला. कष्टकऱ्यांच्या घरी ओव्हन खऱ्या अर्थाने आला तो १८९० च्या दशकापासून, नाणे टाकून चालणाऱ्या गॅस मीटरमुळे. एक पेनी टाका, तेवढा गॅस वापरा. या बदलाची किंमत पुडिंगने मोजली. मांस आता सळईवर नव्हते, बंद ओव्हनमध्ये होते. पुडिंग त्याच्याखालून सुटले, वेगळ्या भांड्यात गेले, आणि वरून ठिबकणारी चरबी संपली. ओव्हनची चौफेर उष्णता मिळाल्यावर पीठ वर चढू लागले. अंडी स्वस्त झाली तशी ती वाढली. शेवटी एका मोठ्या पसरट भांड्याऐवजी वाट्या-वाट्यांचा साचा आला. उंची ही या शेवटच्या पर्वाची देणगी आहे. तिला परंपरेचा निकष ठरवणे म्हणजे नातवाच्या उंचीवरून पणजोबांचे कूळ तपासण्यासारखे आहे.

१३/
आता त्या प्रश्नाकडे, ज्यासाठी हा धागा खरे तर लिहिला गेला. यॉर्कशरमध्ये पुडिंग मांसाबरोबर नव्हे, मांसाच्या आधी वाढण्याची रीत होती. मोठा चौकोनी तुकडा, वर कांद्याची ग्रेव्ही. जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस, असे पोरांना सांगितले जाई. हे आज कौतुकाने सांगतात, आजीच्या मिस्कीलपणाचा नमुना म्हणून. त्यातील हिशोब मात्र निष्ठुर होता. पुडिंगने पोट भरले की मांस कमी लागते. मांस थोडे होते आणि ते कोणाला मिळायचे हे आधीच ठरलेले होते.

१४/
याचा पुरावा यॉर्क शहरातच आहे. चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातील सीबोम राउनट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्कच्या कष्टकरी वस्त्यांची घरोघर पाहणी केली. ‘पॉव्हर्टी’ हे पुस्तक १९०१ साली आले. शहराच्या एकूण लोकसंख्येपैकी २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात होते. राउनट्री यांनी जगण्यापुरता जो किमान आहार हिशोबासाठी धरला, त्यात खाटकाकडचे ताजे मांस अजिबात नव्हते. त्याहून खालच्या पातळीवर जगणाऱ्यांची संख्या हजारोंत होती. आणि अचानक खर्च उद्भवला की काटछाट अन्नातच होई, नवऱ्याचे पोट कामासाठी सांभाळले जाई, उपाशी राहायची ती बायको आणि कधी मुले, हेही त्यांनी नोंदवले. १९१३ साली मॉड पेम्बर रीव्ह्ज यांनी लंडनच्या लँबेथ भागातील कुटुंबांविषयी लिहिले, तेथेही चित्र हेच. मांस कमावत्या पुरुषाचे.

१५/
म्हणून त्या सपाट, जड, ग्रेव्हीने भिजलेल्या चौकोनाकडे पाहताना नुसता गहिवर पुरेसा नाही. तो वाटपाचे साधन होता. टेबलाच्या एका टोकाला मांस कापले जाई आणि दुसऱ्या टोकाला मुले पुडिंगवर समाधान मानत. वाढणारी स्वतः काय खाई, हे राउनट्री यांच्या वह्यांत आहे, पाककृतींच्या पुस्तकांत नाही. ज्या बाईने ही तारेवरची कसरत दर रविवारी केली, तिच्या कौशल्याचे मोजमाप चार इंचांत कसे करणार? तिला पुडिंग उंच नको होते. पुरेसे हवे होते.

१६/
याच पिठाचे दुसरे रूप म्हणजे ‘टोड इन द होल’, शब्दशः ‘बिळातला बेडूक’. बेडूक त्यात कधीच नव्हता. आज त्यात सॉसेज असतात, पण तीही अलीकडची गोष्ट. ग्लासबाईंकडे पिठात भाजलेली कबुतरे आहेत, ‘बिळातली कबुतरे’ या नावाने. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या जाडजूड ग्रंथात चक्क उत्तम प्रतीचे स्टेक आणि मेंढीचे गुर्दे आहेत. चार्ल्स फ्रांकातेली हा एकेकाळचा राणी व्हिक्टोरियाचा मुख्य आचारी. कष्टकऱ्यांसाठीच्या आपल्या १८५२ च्या पुस्तिकेत तो सांगतो की सहा पेनी-शिलिंगाचे मांसाचे कोणतेही तुकडे घ्या आणि ते रात्री उशिरा घ्या, दिवसाची विक्री आटोपल्यावर ते सर्वांत स्वस्त मिळतात. राजवाड्यातून बाहेर पडलेल्या आचाऱ्याला बाजार उठण्याची वेळ ठाऊक होती, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे.

१७/
दुसऱ्या महायुद्धात हीच काटकसर राष्ट्रीय धोरण बनली. जानेवारी १९४० मध्ये शिधावाटप सुरू झाले. अंडे आठवड्याला माणशी एक, तेही मिळाले तर. १९४२ पासून अमेरिकेतून अंड्याची भुकटी येऊ लागली. बारा अंड्यांइतका एक डबा, चार आठवड्यांसाठी. मांस मोजून मिळे. सॉसेजना शिधापत्रिका लागत नसे, मात्र त्यांत पावाचा भरणाच अधिक असे. पिठात भाजलेली सॉसेज घरोघरी पक्की झाली यात नवल नाही. मांसावरील निर्बंध उठले ४ जुलै १९५४ रोजी. म्हणजे युद्ध जिंकून नऊ वर्षे उलटली तरी ब्रिटिश गृहिणी पुडिंगच्या पिठाने भाजलेल्या मांसाची उणीव भरून काढत होती.

१८/
रसायनशास्त्रज्ञांच्या निवाड्यावर टीका केली, तरी त्यांचे शास्त्र उपयोगाचे आहे. पुडिंग फुगते ते वाफेने. दूध म्हणजे मुख्यतः पाणी, आणि पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १७०० पट होते. तापलेल्या चरबीचा स्पर्श होताच पिठाची बाहेरची कड लगेच घट्ट होते, आतली वाफ कोंडते, अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील चिवटपणा यांच्या भिंती ताणल्या जातात आणि मग त्या तशाच सुकून टिकतात. भिंती सुकण्याआधी ओव्हनचे दार उघडले की वाफ थिजते आणि पुडिंग बसते. चरबी कोमट असेल तर पीठ नुसतीच ती पिते. ग्लासबाईंना वाफेचे गणित माहीत नव्हते. चरबी आधी उकळली पाहिजे, हे माहीत होते.

१९/
आता घरी करण्याविषयी. ज्याला जुन्या जातीचे पुडिंग करून पाहायचे आहे, त्याने वाट्यांचा साचा बाजूला ठेवावा. विसाव्या शतकात ब्रिटिश घरांत जे प्रमाण पाठ होते, तेच घ्यावे : मैदा ११५ ग्रॅम, अंडे एक, दूध २८५ मिलिलिटर, पाव चमचा मीठ. अंडी दोन घेतली तरी चालते, एवढ्याने परंपरा बुडत नाही. मैद्यात खळगा करून अंडे फोडावे, थोडे थोडे दूध घालत गुठळ्या मोडाव्यात. पीठ धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ आणि घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट असावे. ते अर्धा तास तरी झाकून ठेवावे, मैदा पाणी नीट पितो.

साधारण २० बाय ३० सेंटिमीटरचा धातूचा ट्रे घ्यावा. काचेचा नको, तो एवढ्या झटपट तापत नाही. त्यात दोन-तीन मोठे चमचे चरबी घालून २२० अंशांवर दहा मिनिटे ठेवावा. गोमांसाची चरबी ही मूळ वस्तू. ती नको असेल तर सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे रिफाइंड तेल चालते, आणि साजूक तूपही एवढी उष्णता सहज सोसते. लोणी मात्र करपते. ट्रे बाहेर काढून पीठ एका दमात ओतावे. चर्र आवाज आलाच पाहिजे. आला नाही तर ट्रे पुरेसा तापलेला नाही. तेल उडते, म्हणून पोरांना दूर ठेवावे आणि ट्रेमध्ये पाण्याचा थेंबही नसावा. मग तीस-पस्तीस मिनिटे दाराला हात लावू नये. कडा गडद तपकिरी हव्यात. फिकट पुडिंग बाहेर येताच मरगळते. लहान ओटीजी ओव्हनमध्ये वरची सळई जवळ असते, तेथे उंच फुगणारे पुडिंग हमखास करपते आणि सपाट पुडिंग सुरेख होते. मांसाहार न करणाऱ्यांच्या घरी कांदा मंद आचेवर परतून केलेली दाट ग्रेव्ही यावर पूर्ण जेवणाचे काम करते.

२०/
यावर एक आक्षेप रास्त आहे. परंपरा बदलते, पदार्थही बदलतो. उंच, पोकळ पुडिंगच्या वाटीत ग्रेव्ही साठते, ते दिसते देखणे आणि लोकांना आवडते. मग त्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. ज्याला उंच आवडते त्याने उंच करावे, खुशाल अंडी वाढवावीत. गोठवलेली तयार पुडिंगे विकत आणणाऱ्यालाही नावे ठेवण्याचे कारण नाही. बेकरच्या भट्टीवर भांडे नेणारी बाई तरी दुसरे काय करत होती? जळण, वेळ आणि श्रम यांचा तिचा हिशोब होता तसाच आजच्या नोकरदार बाईचा आहे. तक्रार फक्त एवढीच की नवे रूप हेच खरे, आणि जुने सपाट रूप म्हणजे फसलेला प्रयत्न, असे म्हटले जाऊ नये. ग्लासबाईंचे पुडिंग त्या चार इंचांच्या कसोटीला उतरत नाही. ज्या पुस्तकामुळे या पदार्थाचे नाव जगाला कळले, त्यातील मूळ पदार्थच नापास करणारी कसोटी कोणत्या कामाची?

२१/
उरलेल्या पुडिंगचे काय करत, हे सांगून थांबता येईल. यॉर्कशरच्या घरांत सपाट पुडिंगचा एक कोपरा मुद्दाम मागे ठेवला जाई. मांसाची ताटे उचलली की तो मुलांपुढे येई, वर जॅम किंवा काकवी घालून. ज्यांच्या वाट्याला मांस आले नव्हते, त्यांना गोड मात्र मिळे.